माझ्याबद्दलची फाइल

३ मार्च, सोमवार

पाळीप्रमुख झाला टायवाला! मी नाही. परत नाही!

वाफेच्या खोलीत टाय घालून येणारा माणूस. चादर इस्त्रीच्या रुळात कुठल्या बाजूने सरकवायची हे अजून ठेंगणीला विचारतो. कानामागून आला नि तिखट झाला. आणि मी इथे लेकीच्या जन्माच्या आधीपासून हॉटेलांच्या चादरी नि हॉस्पिटलांचे अभ्रे धुतेय, घड्या घालतेय, येईल त्या नव्या माणसाला शिकवतेय! टायवाल्यालाही मीच शिकवलं.

साहेबांना विचारलं. नीटच विचारलं, हसून. "साहेब, माझं काय कमी पडलं?" ते मान वर न करता म्हणाले, "तुमचं रेकॉर्ड बघून ठरवलंय."

कसलं रेकॉर्ड? मी काय गाते?

हे तिथे नाही म्हटलं. बाहेर येऊन ठेंगणीला म्हटलं. घडीच्या टेबलाशी ती माझ्या शेजारी उभी असते, पायाखाली लाकडी खोकं घेऊन. इतकी हसली की टॉवेलांची चळत कोसळली. दोघींनी परत घड्या घालायला घेतल्या आणि मला एकदम रडूच आलं. ठेंगणीला वाटलं, अजून हसतेय.

४ मार्च, मंगळवार

घरी आज सांगितलं. काल नुसतीच कपाळ दुखतंय म्हणून पडून राहिले होते.

सासूबाई म्हणाल्या, "त्याचा टाय अडकू दे रुळात!" मग लगेच स्वतःच, "नको गं, चादर खराब होईल."

नवरा दात घासत होता. स्वतःचे नव्हे, गिऱ्हाइकाचे. कवळ्या करणाऱ्याशी लग्न केलं की जेवणाच्या टेबलावर कुणाचं ना कुणाचं हसू पडलेलं असतं. कवळी उजेडात धरून म्हणाला, "रेकॉर्ड म्हणजे फाइल असणार तुझी. काय लिहिलंय त्यात, बघ ना."

"मला कोण दाखवतंय!"

लेक फोनमधून डोकं वर न काढता: "आई, आता कायदा आहे. मागितली की दाखवावी लागते. प्रतही द्यावी लागते. आणि चुकीचं काही असलं तर आपलं म्हणणं त्यात लावता येतं. तशी नोटीस तुमच्याकडे लागलेली असायला हवी."

नोटीस? आमच्याकडे एकच नोटीस आहे. 'चप्पल बाहेर काढा.'

६ मार्च, गुरुवार

सापडली! पिण्याच्या पाण्याच्या यंत्रामागे!

दोन दिवस मी भिंती वाचत हिंडत होते. आज ठेंगणीचा रुमाल यंत्रामागे पडला, तो काढायला गेले तर कागदाचा कोपरा. तिघांनी मिळून यंत्र सरकवलं. अर्धं पाणी माझ्या बुटात. पण नोटीस लावलेली होती, शिक्क्यासकट! म्हणजे लावली नाही असं कुणी म्हणू शकत नाही. हुशारीच आहे.

ओल्या बुटात उभी राहून मोठ्याने वाचून दाखवली. 'प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतःची वैयक्तिक फाइल पाहण्याचा हक्क आहे.' मग धुलाईयंत्रावरचा म्हातारा म्हणाला, "रेडिओ, बातम्या संपल्या का?" मला सगळे इथे रेडिओच म्हणतात.

"संपल्या नाहीत. मी माझी मागणार आहे."

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. ठेंगणी पुटपुटली, "हात दाखवून अवलक्षण कशाला गं?"

१० मार्च, सोमवार

आज आस्थापना विभागात गेले. विभाग म्हणजे एक खोली. एक खिडकी, एक पंखा, एक लोखंडी कपाट आणि त्याला पाठ लावून बसलेल्या कपाटबाई. त्यांना खुर्चीतून उठताना कुणी पाहिलेलं नाही. आमच्यात म्हण आहे की कपाटाला चाकं लावली तर बाईही बरोबर जातील.

"फाइल बघायचीय."

"कुणाची?"

"माझी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बहुतेक माझ्यात काही फरक पडतो का ते पाहिलं. "तुमची अशी फाइल नसते. तुमच्याबद्दलची असते."

"मग माझ्याबद्दलची बघायचीय."

"कशाला?"

"माझ्याबद्दल आहे म्हणून!"

पंख्याखाली आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी म्हणाल्या, "लेखी द्या." मी पिशवीतून लेकीने टाइप करून दिलेला अर्ज काढून पुढे ठेवला. त्यांचा चेहरा! पोचही घेतली मी. पोच घ्यायची हे लेकीने तीनदा बजावलं होतं.

११ मार्च, मंगळवार

सासूबाईंनी आज मला समोर बसवलं. "सूनबाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ही सोयच आहे देवाची. बघून काय करायचंय?"

मी म्हटलं, "लोक त्याच पाठीवर लिहिताहेत, आई."

जरा विचार केला त्यांनी. मग म्हणाल्या, "माझ्या सासूने माझी फाइल ठेवली असती ना, तर कपाट पुरलं नसतं!" आणि अशा हसल्या की कवळी सांभाळावी लागली. नवऱ्याच्याच हातची कवळी. पक्की आहे, निसटली नाही.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर, वर पेपरवेट. तो उडून जाईल अशी भीती होती की काय!

"काय अडचण आहे तुमची?"

"अडचण नाही, साहेब. फाइल बघायचीय."

"असल्या गोष्टींनी वातावरण बिघडतं. उद्या सगळेच मागतील."

"मागतील ना. नोटिशीत 'प्रत्येक' लिहिलंय."

ते म्हणाले, "बघतो." आवाज चढवला नाही. माणूस वाईट नाही तसा. दोन वर्षांपूर्वी आला, आल्यापासून दमलेला दिसतो.

पण दुपारी जेवायच्या वेळी माझ्या बाकावर मी एकटी! धुलाईवाला म्हातारा लांब बसला. त्याच्या शेजारचे दोघे भिंतीकडे तोंड करून जेवले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? ठेंगणी तेवढी खोकं घेऊन आली, माझ्याशेजारी ठेवलं आणि त्यावर बसून जेवली. चावताना आवाज करते ती. आज तो आवाज फार बरा वाटला.

१७ मार्च, सोमवार

उत्तर नाही.

१८ मार्च, मंगळवार

नाही. टायवाल्याने चुकून हॉटेलच्या चादरी हॉस्पिटलला पाठवल्या. तिथून फोन आला की पेशंट खूश आहेत, परत कधी पाठवताय? दिवसभर हसलो सगळे. बाकावर दोघे परत आले.

२० मार्च, गुरुवार

कपाटबाईंचा निरोप: सोमवारी चार वाजता या. सोबत कुणी नको. पेन नको.

पेन का नको? मी काय त्यात मिश्या काढणार आहे?

२४ मार्च, सोमवार

बघितली.

सगळं नीट लिहिते. लिहिल्याशिवाय झोप नाही लागायची.

कपाटबाई उठल्या! खरंच उठल्या. किल्ली फिरवली, कपाट करकरलं, आणि आतून एक पोपटी रंगाची, कडा कुरतडल्यासारखी फाइल माझ्यापुढे ठेवली. एवढीशी. मला वाटलं होतं चांगली जाड असेल. जरा अपमानच वाटला.

पहिल्या पानावर माझा फोटो. दोन वेण्या, डोळे वटारलेले. फोटोवाल्याने 'हसू नका' सांगितलं होतं आणि मी श्वास रोखून बसले होते, तो फोटो. नोकरीच्या अर्जात 'छंद' समोर मी लिहिलंय: 'अजून नाही. वेळ मिळाल्यास करीन.' कपाटबाई खिडकीबाहेर बघत होत्या पण त्यांचे खांदे हलले.

मग वर्षावर्षाचे शेरे. पहिल्या वर्षी: 'कामात चोख. हसतमुख.' दुसऱ्या वर्षी: 'चोख. हसतमुख. नवीन कामगारांना चांगले शिकवते.' वाचताना गालच दुखायला लागले माझे. असं कुणी तोंडावर कधी म्हणालं नाही हो! म्हणायला काय झालं होतं?

आणि मग मध्येच एक टाचलेला कागद. प्रेसवाल्या दादांच्या अपघाताचा.

ती दुपार मला आठवते. दादा मोठ्या रुळावर होते, मी समोर घडीला. आधी काय चाललं होतं ते काही केल्या आठवत नाही. आठवते ती किंकाळी. आणि मग मी टेबलावरून उडी मारल्यासारखी, माझा पंजा लाल बटणावर. रूळ थांबला. दादांचा हात कोपरापर्यंत भाजला होता, पण हात होता. दादा महिनाभर हॉस्पिटलात होते, नंतर कामावर परत आलेच नाहीत.

कागदावर लिहिलंय: 'सदर महिला कामगार हसवाहसवी करीत असल्याने प्रेसवरील कामगाराचे लक्ष विचलित होऊन अपघात घडला.' सदर महिला म्हणजे मी! बटणाचा उल्लेख नाही. खाली तेव्हाच्या मुकादमाची सही. त्याखाली दादांची सही.

दादांची.

त्या वर्षीचा शेरा: 'गांभीर्याचा अभाव. जबाबदारीच्या पदास योग्य नाही.' पुढच्या वर्षी: 'वरीलप्रमाणे.' त्याच्या पुढच्या: 'वरीलप्रमाणे.' साहेब बदलले, शाई बदलली, वरीलप्रमाणे काही बदललं नाही. शेवटचे दोन आत्ताच्या साहेबांच्या अक्षरात. कुणी मान वर करून 'वर' काय आहे ते पाहिलंच नाही!

मी फाइल मिटली. कपाटबाई म्हणाल्या, "प्रत हवी का?" मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. त्या हळूच म्हणाल्या, "मागा. हक्क आहे तुमचा."

मागितली. त्यांनी स्वतः काढून दिली.

२५ मार्च, मंगळवार

आज हसायचं नाही असं ठरवून गेले. गंभीर! ओठ घट्ट. घड्या घातल्या, मान खाली. अकरा वाजता ठेंगणी म्हणाली, "दात दुखतोय का? नवऱ्याला दाखव." बारा वाजता टायवाला चौकशी करून गेला, "काही चुकलं का माझं?" म्हाताऱ्याने जेवताना आपल्यातला घास दिला.

चेहरा दुखला संध्याकाळी. गंभीर लोक कसे जगतात कोण जाणे.

नवऱ्याने प्रत दोनदा वाचली. त्याला चटकन राग येत नाही, आज आला. हातातली कवळी खाली ठेवून म्हणाला, "त्या दिवशी घरी आलीस तेव्हा तुझा हात थरथरत होता. बटण दाबलेला. मी कप धरून चहा पाजला तुला. हे कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही.

"दादांना भेट," म्हणाला. मला नाही भेटायचं. सही केलीय त्यांनी.

२९ मार्च, शनिवार

भेटले. नवऱ्याने बसमध्ये बसवूनच दिलं मला, शाळेत सोडल्यासारखं.

शेवटचा थांबा, पुढे थोडं चालून दादांची रोपवाटिका. आता रोपं विकतात ते. हिरव्या जाळीच्या छताखाली बसून कुंड्या भरत होते. मला बघून ओरडले, "अरे, रेडिओ! कुठलं स्टेशन लागलं आज इकडे?" उठले, उजव्या हाताने स्टूल ओढलं. हातावर ते गुळगुळीत, लालसर कातडं. बोटं मात्र छान चालतात.

मी ठरवून गेले होते की आधी ख्यालीखुशाली, चहा, मग विषय. कसचं काय! पिशवीतून कागद काढला आणि पुढे केला. "हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी चष्मा शोधला. वाचलं. परत वाचलं. मग खालच्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझी सही? ही तर शाईत बुडालेली पाल चालत गेलीय!"

"दादा, थट्टा नको."

"थट्टा नाही गं. डाव्या हाताने केलीय. उजवा बांधलेला होता ना." कागद मांडीवर ठेवून बसले ते. "मुकादम आला होता हॉस्पिटलात. फळं घेऊन. म्हणाला, भरपाईचा कागद आहे, आज सही केली तर पैसे लवकर मिळतील. वर काहीच लिहिलं नव्हतं गं. कोरा होता. मी म्हटलं, साहेब लोकांना घाई असते, भरतील नंतर."

"आणि भरलं हे."

"हे भरलं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते माझ्याकडे न बघता एकाच कुंडीत माती दाबत राहिले, दाबत राहिले, शेवटी रोप पार आत गेलं. मीच म्हटलं, "अहो, मरेल ते!" तेव्हा थांबले.

मग सांगायला लागले. रुळापुढे लोखंडी पट्टी असते, हात तिला लागला की रूळ आपोआप थांबतो. ती पट्टी आधीपासून तुटलेली होती, तारेने बांधली होती. दादांनी मुकादमाला सांगितलं होतं. मुकादम म्हणाला होता, बघू पुढच्या आठवड्यात. पट्टीचं बाहेर आलं असतं तर त्याचीच नोकरी गेली असती.

मी विचारलं, "पण मी खरंच हसवत होते का तुम्हाला? मला आठवत नाही."

दादा म्हणाले, "पट्टी शाबूत असती ना, तर माणूस कितीही हसला असता तरी हात आत गेला नसता. कारण पट्टी." आणि चहा टाकायला आत गेले.

चहा पिऊन झाल्यावर लिहायला बसले. उजव्या हाताने. एकेक अक्षर कुंडीत रोप लावावं तसं. शेवटचं वाक्य मी इथे उतरवून ठेवते: 'तिने बटण दाबले म्हणून आज मी हे उजव्या हाताने लिहू शकतो.'

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी रुमाल दिला. मी म्हटलं, "आनंदाचं आहे." त्या म्हणाल्या, "तरी नाक पुसा."

३१ मार्च, सोमवार

माझं म्हणणं आणि दादांचं, दोन्ही दिलं. पोच घेतली. कपाटबाईंनी न मागता शिक्का मारला, चांगला दणकून.

४ एप्रिल, शुक्रवार

साहेबांच्या खोलीत सुनावणी. म्हणजे साहेब, कपाटबाई आणि मी. कपाटबाई कपाट सोडून इतक्या लांब आल्या, हीच मोठी बातमी!

साहेबांनी दादांचा कागद सावकाश वाचला. मग मला म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी दाखवलं कुणी, साहेब?"

मग कपाळाला हात लावून म्हणाले, "पट्टी तुटली होती याला पुरावा काय? मुकादम निवृत्त होऊन गेला. आता दोघांच्या शब्दावर..."

आणि कपाटबाई बोलल्या. मान खाली, आवाज एकदम सरळ: "अपघाताच्या दुसऱ्या दिवशी नवी पट्टी बसवली, साहेब. त्याचं बिल माझ्या हातून गेलंय. तेव्हा मला वाटलं होतं विचारावं, चांगली पट्टी कुणी बदलतं का? नाही विचारलं."

साहेबांनी फाइल उघडली, पानं मागे मागे उलटत गेले, आणि त्यांना स्वतःचंच अक्षर दिसलं. 'वरीलप्रमाणे.' दोनदा. कान लाल झाले त्यांचे. मग एकदम फार गंभीरपणे मला विचारलं, "एक खरं सांगा. तुम्ही कामाच्या वेळी हसता का?"

आणि मला हसू फुटलं! आवरेना! ओढणीचं टोक तोंडात कोंबलं तरी. "हो, साहेब."

"का?"

"तुम्ही एकदा दिवसभर न हसता चादरींच्या घड्या घालून बघा ना, साहेब."

कपाटबाईंच्या घशातून काहीतरी आवाज आला. साहेब दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. शेवटी तेही हसले! दमलेल्या माणसाचं हसू, पण हसू. मग पेन उघडलं. टाचलेल्या कागदावर 'चुकीच्या माहितीवर आधारित, ग्राह्य नाही' लिहून सही. सगळ्या 'वरीलप्रमाणे'वर एकेक रेघ. माझं नि दादांचं, दोन्ही पानं फाइलमध्ये लावली. नोटीस यंत्रामागून काढून दारापाशी लावायला सांगितली. फाइल माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वाचून सही करा. यापुढे तुम्ही वाचल्याशिवाय यात काही जाणार नाही."

पेन त्यांनीच दिलं.

७ एप्रिल, सोमवार

धुलाईवाल्या म्हाताऱ्याने अर्ज दिला! ठेंगणीनेही! लेक म्हणतेय, एका अर्जाचा एक चहा घेणार.

ठेंगणीच्या फाइलमध्ये उंची चुकलीय, दोन बोटं जास्त लिहिलीय. तिने ती दुरुस्त करू दिली नाही.

१० एप्रिल, गुरुवार

सुटल्यावर फाटकापाशी कपाटबाई उभ्या होत्या. हातात पिशवी, उगाच चाळा. "तुमच्या लेकीने तो अर्ज केला होता ना... तसा एक मिळेल का?"

"कुणासाठी?"

"मला. माझी फाइल इथे नसते, मुख्य कार्यालयात असते. इतकी वर्षं सगळ्यांच्या सांभाळल्या. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला..."

मी त्यांचा हात धरला. त्यांना सवय नसावी, आधी ताठ राहिल्या. मग तशाच आम्ही थांब्यापर्यंत गेलो. घरी आणलं त्यांना. लेकीने अर्ज टाइप केला, नवऱ्याने तयार कवळ्या दाखवल्या, सासूबाईंनी त्यांना सगळी विचारपूस करून भंडावलं. जाताना कपाटबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात फार आवाज असतो." आणि दारातून परत वळून, "पुन्हा येईन."

१५ एप्रिल, मंगळवार

टायवाला चालला! त्याला हॉटेलातच नोकरी मिळाली, थंड हवेच्या खोलीत. टाय शोभेल तिथे. निरोप घेताना मला म्हणाला, "खरं तर ही जागा तुमचीच होती. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." मग तेव्हा का नाही बोललास रे बाबा! पण त्याचा हात हातात घेतला. मनाने बरा आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

मी पाळीप्रमुख!!

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, वाफेच्या खोलीतच. यंत्रं चालू होती, कुणाला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा ओरडून सांगावं लागलं. म्हातारा म्हणाला, "रेडिओचा आवाज वाढवा आता!" ठेंगणीने मला मिठी मारली, खोक्यावर चढून. पहिलं काम काय केलं? रुळापुढची पट्टी स्वतः हात लावून तपासली. खटकन थांबला रूळ.

घरी सासूबाई दारातच: "काय लिहिलं गं फाइलमध्ये?" मी वाचून दाखवलं. प्रत आणली होती. साहेबांचं अक्षर: 'चोख. पाळीप्रमुख म्हणून नेमणूक.' त्या म्हणाल्या, "हसतमुख राहिलं लिहायचं."

२० एप्रिल, रविवार

दादांना फोन केला, बातमी सांगायला. पलीकडून आरोळीच! मग कुंडी बाजूला ठेवल्याचा आवाज.

म्हणाले, "एक सांगू? त्या दिवशी तू खरंच हसवत होतीस मला. डोक्यावर उशीचा अभ्रा घालून तेव्हाच्या साहेबांच्या चालण्याची नक्कल करून दाखवत होतीस. मी तुझ्याकडेच बघत होतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बायको गेल्यावर पहिल्यांदा हसलो होतो गं मी. ते त्यांच्या फाइलमध्ये कशाला जाऊ देऊ?"